खालची पापणी

वुनिमोली गावात कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. मीठ मागा, होडी मागा, चर्चला घालायचा शर्ट मागा. घरातला माणूस आत जातो आणि वस्तू घेऊन बाहेर येतो. तोंड वाकडं करायचंच असेल तर मागणाऱ्याची पाठ फिरल्यावर. वाइसाकेला तेही कधी जमलं नाही. हा गडी मुळातच सढळ हाताचा. उसाच्या ट्रकवर तीस वर्षं काढून तो घरी बसला, तेव्हा त्याच्या तीन कुऱ्हाडी, दोन पातेली आणि एक अख्खी खाट गावात कुणाकुणाकडे नांदत होती आणि त्याची त्याला आठवणही नव्हती.

त्यामुळे ओढ्यापलीकडच्या नासाऊ वस्तीतून त्याचा मेव्हणा कामिनिएली आला आणि जंताचं औषध मागू लागला, यात विशेष काही नव्हतं. कामिनिएली म्हणजे वाइसाकेच्या बायकोचा, उनाइसीचा, सख्खा भाऊ. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची मनसोक्त टिंगल करायची, अशी त्या भागातली पद्धत. दोन दिवस टिंगल झाली नाही तर लोक विचारतात, भांडलात का म्हणून.

"तावाले," कामिनिएली पायरीवर बसत म्हणाला. मेव्हण्याला तिथे हीच हाक. "तुमच्याकडे म्हणे शेळ्यांचं पांढरं औषध आलंय. अर्धी बाटली काढ."

"जंत कुणाला झालेत? शेळ्यांना की तुला?"

"मला झाले असते तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? माझ्या जंतांनाही काही मान आहे."

"बोकडही माझाच नेलास, महिनाभर ठेवून घेतलास. आता औषधही माझंच. शेळ्या तरी तुझ्या आहेत ना?"

"दोन तुझ्याच आहेत. मागच्या वर्षी मागून नेल्या होत्या."

वाइसाके हसत हसत आत गेला. उनाइसी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. त्याने फळीवरची बाटली काढली आणि सॉसच्या रिकाम्या बाटलीत अर्धं औषध ओतून दिलं. मेव्हणा गेल्यावर मात्र त्याने आपल्या बाटलीकडे पाहिलं. औषध कंबरेपर्यंत आलं होतं, आणि गाभण शेळ्या होत्या चौदा.

आता यावर वाइसाकेने जे केलं ते वुनिमोलीतल्या कुठल्याही पुरुषाने केलं असतं. यांगोना, म्हणजे मुळ्यांची पूड पाण्यात कालवून केलेलं पेय, प्यायला मंडळी बसली आणि ऐनवेळी चार माणसं वाढली, तर कुणी त्यांना परत पाठवत नाही. लाकडी परातीत दोन तांबे पाणी वाढतं, ढवळलं जातं आणि सगळ्यांना वाटी मिळते. थोडी पातळ मिळते, पण मिळते. त्याने पावसाच्या टाकीच्या नळाखाली बाटली धरली, गळ्यापर्यंत भरली आणि बूच लावून खळखळून हलवली. औषध पहिल्यासारखंच पांढरं दिसत होतं. आपण दोन घरांचं भलं केलं, असं त्याला मनापासून वाटलं.

उनाइसीला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या एकवीस शेळ्यांपैकी सात गेल्या. कुणी विताना, कुणी व्यायल्यावर आठवड्याभरात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, पाय लटपटायचे आणि संपायचं. सातही खड्डे वाइसाकेने खणले आणि सातही वेळा उनाइसी शेवटची माती पडेपर्यंत उभी राहिली. सातव्या खड्ड्यापाशी ती म्हणाली, "आणखी एक पावसाळा बघते. पुन्हा असंच झालं तर शेळ्या वाटून टाकायच्या. मला नाही झेपणार हे."

उनाइसी कमी बोलते आणि बोललेलं मागे घेत नाही. तेव्हापासून वाइसाकेने त्या वाक्याची धास्तीच घेतली होती. शेळ्यांचं त्याला इतकं काही नव्हतं. पण तीस वर्षं ट्रकवर असताना तो शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. बायको दिवसभर काय करते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता तो रोज पाहत होता, आणि जे दिसत होतं त्याने पार भारावून गेला होता. आपण एवढ्या हुशार बाईशी लग्न केलंय हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असंच त्याला वाटायचं.

उनाइसी शेळीच्या पोटाकडे बघतच नसे. शेवटच्या बरगडीच्या मागे पाठीवर हात ठेवायची, डोळे मिटायची आणि बोटांनी हाडं चाचपायची. चटया विणून विणून तिच्या अंगठ्याला काय कळायचं ते कळायचं.

"पोट केवढं आलंय बघ तिचं," वाइसाके एकदा म्हणाला होता. "मस्त भरलीय."

"पोटात करडं आहेत, पाला आहे, पाणी आहे. पोटावर विश्वास ठेवायचा नाही. इकडे ये. मूठ मीट."

त्याने मूठ मिटली.

"आता दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरव. शेळीची पाठ अशी टोकदार लागली तर ती वाळली. आता बोटं सरळ कर, हात सपाट धर, त्याच जागेवरून फिरव. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. गाभणीची पाठ अशी हवी. आता हात उलटा कर आणि अंगठ्याच्या मुळाशी दाब. पाठ इतकी मऊ लागली तर समजायचं, हिला तू चोरून कसावा घातलायस."

"मी कुणालाही चोरून कसावा घातलेला नाही."

"केकेला विचारू?"

केके ही कळपातली सगळ्यांत जाड शेळी. तिने वाइसाकेकडे पाहून ओळखीचा आवाज काढला. त्याला वाटलं, आता उनाइसी केकेचं खाणं तोडणार. पण ती म्हणाली, "या दिवसांत उपाशी ठेवली तर आतल्या आत कोसळेल. खाणं आहे तसंच ठेवायचं, फक्त कसावा बंद. आणि रोज टेकडीवर चालवत न्यायची. तू." तेव्हापासून वाइसाके आणि केके रोज दुपारी टेकडी चढत. दोघंही सारखीच धापा टाकत, आणि गावातल्या बायका त्यातली गाभण कोण असं विचारत.

डोळ्याचंही तिने असंच शिकवलं होतं. अंगठ्याने वरची पापणी मिटायची, डोळा हलकेच आत दाबायचा आणि खालची पापणी ओढायची. आत लाल दिसलं तर छान. गुलाबी दिसलं तर सावध राहायचं. पांढरं दिसलं तर समजायचं, पोटात बसून रक्त पिणाऱ्या जंतांनी शेळी रिकामी करत आणलीय. विण्याच्या आगेमागे शेळीचं अंग जंतांशी झगडायचं सोडून देतं, तिची सगळी ताकद करडांकडे जाते, म्हणून तेव्हाच जास्त बघायचं.

मागच्या वर्षीच्या धास्तीने यंदा तिने सगळ्याच गाभण शेळ्यांना औषध पाजायचं ठरवलं होतं. तिने शिवणाची टेप घेऊन प्रत्येकीच्या छातीचा घेर मोजला, त्यावरून वजन काढलं, वजनाप्रमाणे पिचकारीत औषध ओढलं आणि जिभेच्या मागे हळूच सोडलं. एक थेंब सांडला नाही. वाइसाके शेळ्या धरून उभा होता. बायकोचं ते नेमकं काम बघताना त्याला कौतुकही वाटत होतं आणि बाटलीकडे बघवतही नव्हतं. पण आता बोललो तर ती चिडेल, आणि औषध काही पाण्याने मरत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बारा दिवसांनी उनाइसीने पुन्हा पापण्या बघायला घेतल्या.

पहिली शेळी बघितली, दुसरी बघितली, मग पहिली पुन्हा बघितली. पाचव्या शेळीपाशी ती थांबली. मचाणासारख्या उंच गोठ्याच्या फळ्यांवर बसली आणि आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" वाइसाकेने विचारलं.

"रंग चढायला हवा होता. उतरलाय." "पाठीही उतरल्यात. माप चुकलं असेल माझं. किंवा वजन. नाहीतर मला आता रंगच कळत नाही."

"तुला कळत नाही? तुला?"

"हात गेला माझा," ती म्हणाली. रडत नव्हती, तक्रार करत नव्हती. मीठ संपलं असं सांगावं तसं सांगत होती. "वितील तोवर करते. मग कुणाला द्यायच्या ते तू बघ."

तेच ते वाक्य, आणि तेही पावसाळा संपायच्या आधीच. पण वाइसाकेला त्याहून जास्त लागलं ते तिचं स्वतःच्या अंगठ्याकडे बघणं. या बाईने आयुष्यात कधी स्वतःवर शंका घेतली नव्हती, आणि आता घेत होती ती आपल्यामुळे. त्याला स्वतःची एवढी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

"पाणी घातलं," तो म्हणाला.

"कशात?"

"बाटलीत. तुझ्या भावाला अर्धी दिली आणि उरलेलीत पाणी घातलं. यांगोनात घालतो तसं."

उनाइसीने मान वर केली.

"कुठलं पाणी?"

"टाकीतलं. पावसाचं. स्वच्छ होतं."

"बरं झालं. जंतांना गढूळ पाणी पाजलं नाहीस."

तो मान खाली घालून उभा राहिला. ती उठली, पाचव्या शेळीपाशी परत गेली आणि पुन्हा एकदा तिची पापणी ओढून बघितली. या वेळी तिच्या अंगठ्यात पहिल्यासारखी खात्री होती.

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं," ती म्हणाली, आणि अशा वेळीही तिचा चेहरा उजळला. मग पुन्हा कठोर झाला. "ऐक. अर्ध्या औषधाने जंत मरत नाहीत. दुबळे तेवढे मरतात आणि धट्टेकट्टे उरतात. मग त्यांचीच पिल्लं होतात. यांगोना पातळ झाला तर माणसं हसतात. हे पातळ झालं तर शेळ्या मरतात."

"मी उद्याच शहरात जातो."

"जा. आणि माझ्या भावानेही पाणी घातलं असणार."

"छे. तो कशाला..."

"तुम्ही दोघं एकाच परातीतून पिता," उनाइसी म्हणाली.

वाइसाके पहिल्या बसने सिंगातोका शहरात गेला आणि संध्याकाळी एक छोटी बाटली घेऊन आला. मोठी पुढच्या आठवड्यातल्या ट्रकने येणार होती. उनाइसीने बाटलीवर नखाने खुणा करून हिशेब लावला. नऊ शेळ्या. पूर्ण मापाने पाजलं तर नऊ.

"आपल्या चौदांपैकी नऊ," वाइसाके म्हणाला.

"आपल्या आणि पलीकडच्या. तुझ्या मेव्हण्याने अर्धी मागितली होती ना? मागितलेलं द्यायचं असतं. फक्त बाटली एकटी जाणार नाही. मी बरोबर जाणार."

सख्ख्या भावाबहिणीने मोठं झाल्यावर एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, असा तिथे मान पाळतात. जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. उनाइसी आणि कामिनिएली लहानपणी एका ताटात जेवलेली, पण गेली चाळीस वर्षं दोघांत एक शब्द थेट झाला नव्हता. त्यामुळे नासाऊच्या गोठ्यात कामिनिएली शेळी धरून उभा, उनाइसी तिच्या पाठीवर हात ठेवून हातभर अंतरावर, आणि मधे वाइसाके.

"त्याला विचार, औषधात पाणी किती घातलं."

"तावाले, ती विचारतेय..."

"ऐकलं. तिला सांग, थोडंसं."

"थोडंसं म्हणतोय."

"त्याला सांग, शेळीची पाठ सांगतेय की अर्ध्याहून जास्त."

कामिनिएलीने शेळीकडे असं पाहिलं, जणू तिनेच चुगली केली होती. "तिला सांग," तो म्हणाला, "मला वाटलं हलवून दिलं की चालतं."

"हाही म्हणतो, मला वाटलं हलवून दिलं की चालतं," वाइसाके म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

कामिनिएलीच्या अकरा शेळ्या गाभण होत्या. त्याला रग्बीचं वेड, म्हणून त्यांना मैदानावरच्या जागांची नावं. उनाइसीने अकराही पापण्या बघितल्या, अकराही पाठींवरून हात फिरवला. कुणालाच औषध दिलं नाही. पांढऱ्या किंवा अगदी फिक्या पापणीच्या शेळीच्या गळ्यात तेवढी जुन्या लुंगीची चिंधी बांधत गेली. मग सगळी परत वुनिमोलीला आली आणि तिने आपल्या चौदा बघितल्या. दुपार टळून गेली होती. कामिनिएलीने जांभई दिली तेव्हा तिने नुसती मान वळवली. त्याने जांभई अर्ध्यात मिटली.

वाइसाकेला आता कुठे ती काय करतेय ते कळू लागलं. पंचवीस शेळ्या, नऊ डोस. पण सगळ्याच शेळ्या सारख्या नव्हत्या. काहींच्या अंगात जंत असूनही त्या तग धरून होत्या; पापणी लाल, पाठ भरलेली. केके तर ठणठणीत होती. त्यांना औषध नकोच होतं. एक बाटली दोन घरांना कशी पुरवायची, हे त्याने पाण्याने सोडवलं होतं. ती डोळ्यांनी सोडवत होती. कुणालाही कमी नाही, ज्याला नको त्याला थेंबही नाही. एवढं साधं आपल्याला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी करता आलं नसतं, कारण त्यासाठी तो अंगठा लागतो. तिच्यामागे शेळ्या धरत फिरताना त्याचा ऊर भरून आला होता.

चिंध्या बांधून झाल्या. पलीकडे चार, अलीकडे सहा. एकूण दहा.

डोस नऊच होते; शेवटच्या डोसाचा प्रश्न दोन शेळ्यांवर येऊन थांबला. एक कामिनिएलीची विंगर. हाडं वर आलेली, पापणी खडूसारखी. दुसरी उनाइसीची सेनी. सेनी म्हणजे घरातली पहिली शेळी व्यायली तेव्हाचं करडू. उनाइसी चटई विणायला बसली की तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. सेनीची पापणी फिकी होती, पण अजून एक गुलाबी छटा होती तिच्यात.

"सेनीला दे," वाइसाके म्हणाला. "जुळी आहेत तिच्या पोटात, तूच म्हणालीस. आणि बाटली आपली आहे."

"विंगर जास्त पांढरी आहे."

"भावाची शेळी म्हणून देतेस."

कामिनिएली पुढे आला. "तावाले, तिला सांग, सेनीला देऊ दे. माझी मी बघतो."

"दोघांनाही सांगते," उनाइसी नवऱ्याकडे बघत म्हणाली. "पापणीत मालकाचं नाव नसतं. विंगर आठवडा काढणार नाही. सेनी ट्रक येईपर्यंत काढेल."

असं म्हणताना तिचा आवाज किंचित हलला, आणि वाइसाकेला कळलं की हिला खात्री नाही. तरी अलीकडच्या पाच जणींना पाजून तिने परत ओढा ओलांडला, तिकडच्या तिघींना पाजलं, मग विंगरचं तोंड हळूच वर धरलं आणि नववा डोस जिभेमागे सोडला.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि थांबायचं नाव घेईना. चौथ्या दिवशी खाली किनाऱ्याकडे दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. ट्रक येणार नव्हता.

उनाइसीने सेनीसाठी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. ओल्या गवताला तोंड लावू दिलं नाही, कारण जंतांची पिल्लं त्याच गवतावर चढून बसतात. सुबाभळीच्या आणि पेरूच्या फांद्या वर टांगल्या, खोबऱ्याची पेंड थोडी थोडी करून दिवसातून चारदा घातली. चिंधी बांधलेल्या बाकीच्या पाचही शेळ्यांच्या पापण्या रोज थोड्या थोड्या लाल होत होत्या. सेनीची रोज उतरत होती. सहाव्या दिवशी तिच्या जबड्याखाली मऊ सूज आली. वाइसाके त्या दिवशी भर पावसात चालत खालच्या तीन गावांत फिरून आला. प्रत्येक घराने त्याला जेवायला बसवलं, पण औषध कुणाकडेच नव्हतं.

"मी पाणी घातलं नसतं तर," तो ओले कपडे पिळत म्हणाला.

"तर हिला वेळेवर मिळालं असतं," उनाइसी म्हणाली. तिने त्याला खोटा दिलासा दिला नाही. त्याच्या हातात कोरडा टॉवेल मात्र दिला.

आठव्या दिवशी सकाळी सेनी व्यायली. पहिलं करडू मेलेलंच आलं. दुसरं जिवंत होतं, लहानसं, तपकिरी. सेनीने त्याला दोनदा चाटलं आणि मान खाली टाकली. उनाइसी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तासाभरात सेनी गेली.

वाइसाके फावडं घेऊन आला. आता ती बोलणार, त्याला वाटत होतं. पण उनाइसीने करडू पुसलं, आपल्या ओढणीत गुंडाळलं आणि उभी राहिली.

"तू खण. मी पलीकडे जाते. विंगर आज पहाटे व्यायलीय, एकच झालंय तिला, असा निरोप आलाय."

खड्डा बुजवून वाइसाके नासाऊला पोहोचला तेव्हा उनाइसी विंगरच्या गोठ्यात गुडघ्यांवर बसली होती. विंगरच्या वारेचा ओलावा तिने तपकिरी करडाच्या अंगाला चोळला होता. विंगरने हुंगलं, एकदा पाय झाडला, पुन्हा हुंगलं. मग आपल्या करडाबरोबर त्यालाही चाटू लागली. करडू धडपडत कासेशी गेलं. आचळ सापडल्यावर त्याची शेपटी थरथरू लागली.

कामिनिएली कोपऱ्यात उभा होता. त्या दिवशी त्याने मेव्हण्याची टिंगल केली नाही. "तिला सांग," तो म्हणाला आणि पाल्याची फांदी विंगरपुढे सरकवली.

"त्याला सांग," उनाइसी म्हणाली, "दोन करडांना पाजायचंय, शेळीला पाला कमी पडता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, दरड उपसली आणि ट्रक आला. वाइसाके मोठी बाटली घेऊन थेट नासाऊला गेला, कारण उनाइसी सकाळपासून तिथेच होती. त्याने बाटली तिच्या बाजूला फळीवर ठेवली. तिने ती उचलली नाही. ती करडाकडे बघत बसली होती. दोन्ही घरांत मिळून चोवीस शेळ्या जिवंत होत्या आणि एक गेली होती, आणि ती एक कोणती होती हे तिघांनाही माहीत होतं. आता बोलेल, वाइसाकेला वाटलं. शेळ्या वाटून टाक म्हणेल, आणि मी एक शब्द काढणार नाही.

तेवढ्यात कामिनिएली त्याच्याजवळ सरकला. "तावाले, एक सांगायचंय. तिला सांगू नकोस."

उनाइसी हातभर अंतरावर होती.

"बाटलीत पाणी घालायच्या आधी," कामिनिएली म्हणाला, "मी त्यातलं थोडं वरच्या वाडीत दिलं. दोन घरांना. त्यांनी मागितलं होतं. त्यांनीही..." त्याने हाताने बाटली हलवल्यासारखं केलं.

वाइसाकेने डोळे मिटून घेतले. हे ऐकल्यावर ती काय, कुणीही शेळ्या सोडेल.

उनाइसीने करडावरची नजर काढली. मग म्हणाली, "त्याला विचार, दोघांच्या मिळून शेळ्या किती."

"अठरा-वीस असतील," कामिनिएली म्हणाला.

"गाभण किती?"

"सगळ्याच असतील. बोकड तुमचाच नेला होता त्यांनी, माझ्याकडून."

उनाइसी उठली. नळावर हात धुतले, लुंगीला पुसले. फळीवरची बाटली घेतली, उजेडात धरून कुठवर भरलीय ते पाहिलं आणि काखेत मारली.

"टेप घे," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि त्याला सांग, पुढे चाल म्हणावं. वाट त्याला माहीत आहे. आधी सगळ्यांचे डोळे बघायचे, मगच बूच उघडायचं."

कामिनिएली सांगायच्या आधीच चालू लागला होता. वाइसाकेने टेप उचलली. वरच्या वाडीचा चढ उभा होता आणि चिखल होता. उनाइसी कुठेही न थांबता चढत होती, आणि तो तिच्या मागे चालत राहिला.